ओटीवरच्या शाळा

१८४९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईतल्या काही घरांच्या ओट्यांवर सकाळच्या वेळी लहान मुली पाटी घेऊन बसू लागल्या. शिकवायला येत ते पंतोजी नव्हते, मिशनरीही नव्हते. विशी-पंचविशीतले तरुण होते, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकणारे किंवा नुकतेच तिथे शिकवू लागलेले. सकाळचा वेळ मुलींना द्यायचा आणि मग आपापल्या वर्गाला किंवा नोकरीला पळायचे, असा त्यांचा दिनक्रम. पगार एका पैचाही नाही. ही ओटी मिळवण्यासाठी त्यांनी त्याआधी कित्येक दारे ठोठावली होती. काही घरांनी होकार दिला, तोही 'घरात नको, बाहेर ओटीवर बसा' अशा अटीवर. काही घरांनी तर पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली.

दारोदार फिरणाऱ्या त्या तरुणांत दादाभाई नवरोजी होते. तेव्हा त्यांचे वय २४. पुढे ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले, काँग्रेसचे तीनदा अध्यक्ष झालेले, देशाच्या दारिद्र्याचा हिशेब इंग्रजांपुढे मांडणारे दादाभाई आपण सगळे ओळखतो. पण त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात झाली ती विद्यार्थ्यांच्या एका मंडळातून. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी हे त्या मंडळाचे नाव. या सोसायटीची जी मराठी शाखा निघाली, तिच्या अध्यक्षपदी बसलेले गृहस्थ मूळचे आमच्या वसईतल्या तर्खड गावच्या घराण्यातले. वसईच्या इतिहासात आपण चिमाजी अप्पा आणि १७३९ ची मोहीम अभिमानाने सांगतो, १८०२ चा तह थोड्या खिन्नपणे सांगतो, आणि तिथेच थांबतो. त्यानंतरच्या शतकात या मातीशी नाते असलेल्या माणसांनी मुंबईत काय घडवले, ते आमच्याकडे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहावेसे वाटले.

गोष्ट सुरू होते १३ जून १८४८ रोजी. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी ही सोसायटी काढली आणि पॅटनच तिचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हा मुंबईला विद्यापीठ नव्हते. ते आले १८५७ मध्ये. पदवी नव्हती, पदवीधर नव्हते. जे काही उच्च शिक्षण होते ते एल्फिन्स्टनच्या भिंतींच्या आत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून १८२७ मध्ये मायदेशी निघाले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्यांच्या नावाने प्राध्यापकी ठेवण्याचे ठरवले, आणि त्या वर्गणीतून ही संस्था वाढली. बाळशास्त्री जांभेकर तिथले पहिले हिंदी प्राध्यापक. त्यांनी 'दर्पण' काढला, गणित आणि इतिहास शिकवला, एक अख्खी पिढी घडवली, आणि १८४६ मध्ये ऐन उमेदीत ते गेले. सोसायटी निघाली ती त्यांच्या मागे दोनच वर्षांनी. बाळशास्त्री हयात असते तर तिच्या पहिल्या बैठकीला पुढच्या रांगेत बसले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सोसायटीचे काम साधे होते. सभासदांनी जमायचे, एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे. आज हे वाचून कुणाला विशेष काही वाटणार नाही. प्रत्येक कॉलेजात असे एखादे मंडळ असते. पण १८४८ च्या मुंबईत पारशी, सारस्वत, प्रभू, ब्राह्मण, सोनार, गुजराती वाणी अशा घरांतली मुले एका खोलीत, एका पातळीवर बसून मतभेद मांडत होती, ही गोष्ट नवी होती. घरी गेल्यावर यांतल्या कुणाच्या हातचे पाणी कुणाला चालत नव्हते. सभेत मात्र एकाचे म्हणणे दुसरा खोडून काढी आणि तिसरा त्यात भर घाली. वर्गात शिक्षक बोलतो आणि विद्यार्थी ऐकतो. इथे विद्यार्थी बोलत होते आणि शिक्षक ऐकत होते. एकमेकांच्या सहवासात राहायची ही सवय त्या पिढीला लागली नसती, तर पुढे बॉम्बे असोसिएशन किंवा काँग्रेस कुणाच्या बळावर उभी राहिली असती?

थोड्याच दिवसांत एक अडचण पुढे आली. सोसायटीचा कारभार इंग्रजीत चाले, आणि इंग्रजी येणारे शहरात मूठभर. विज्ञान, इतिहास, आरोग्य यांवर जे बोलायचे ते लोकांपर्यंत जायचे तर लोकांच्या भाषेत बोलायला हवे. म्हणून त्याच वर्षी पारशी मंडळींसाठी गुजराती ज्ञानप्रसारक मंडळी निघाली, मराठीसाठी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा निघाली, आणि पुढे १८५१ मध्ये गुजराती हिंदूंसाठी बुद्धिवर्धक हिंदू सभा. मराठी सभेचे पहिले अध्यक्ष झाले दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म १८१४ चा, मुंबईचा. पण घराण्याचे मूळ तर्खडचे, आणि ते मूळ त्यांच्या आडनावात कायमचे राहिले. वसई पश्चिमेच्या हिरव्या पट्ट्यातले हे गाव. केळीच्या बागा, वाड्यांतल्या विहिरी, पाटाचे पाणी, आणि आता त्यांच्या अंगाला येऊन भिडलेल्या इमारती. आज तिथून जाणाऱ्याला मराठी व्याकरणाशी या गावाचा काही संबंध असेल अशी कल्पनाही येणार नाही. दादोबांनी १८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. पुढच्या कित्येक पिढ्यांनी मराठी व्याकरणाची घोकंपट्टी केली ती त्यांच्याच वाटेने. शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सुरतेत असताना दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली होती. म्हणजे मुंबईच्या विद्यार्थ्यांनी अध्यक्ष निवडला तेव्हा त्यांना नुसता पंडित मिळाला नाही. सभा कशी चालवायची आणि तिच्यापायी लोकांचे बोलणे कसे सोसायचे, हे दोन्ही जाणणारा वडीलधारा माणूस मिळाला.

तर्खडकर घरच मोठे होते. मधला भाऊ भास्कर १८४१ मध्ये वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या लुटीचा हिशेब मागत होता. दादाभाईंच्याही किती आधी! तो १८४७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर वारला. धाकटे आत्माराम डॉक्टर झाले. त्यांच्याकडे पुढे वळू.

ज्ञानप्रसारक सभेत मराठीतून निबंध वाचले जाऊ लागले. 'मुंबईचे वर्णन' लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर हे अशा निबंधकारांपैकी एक. १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू झाले आणि ते १८६७ पर्यंत चालले. मराठी मासिकांचे आयुष्य ज्याला ठाऊक आहे त्याला सतरा वर्षे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, शरीरशास्त्र यांवर मराठीत लिहायचे तर शब्द कुठून आणायचे, इथपासून तयारी होती. आज विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आपण जे शब्द सहज वापरतो, त्यांची पहिली घासाघीस अशा सभांत आणि मासिकांत झाली.

तरीही ही सोसायटी निबंध वाचण्यापुरतीच राहिली असती तर आज तिची आठवण फक्त संशोधकांना असती. तिला वळण मिळाले ते १८४९ मध्ये. बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली. स्त्रियांना शिकवले पाहिजे यावर बहुतेकांचे एकमत झाले असणार. सभेत बसून असे एकमत व्हायला काहीच लागत नाही. पुढे जे झाले ते मात्र वेगळे. मग शिकवायचे कुणी, असा प्रश्न निघाला, आणि सभासदांनी आपणच शिकवू म्हणून सांगितले.

त्या काळात हे किती अवघड होते ते समजायला दहा वर्षे मागे जावे लागते. १८३९ मध्ये डॉ. विल्सन यांच्या मिशनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पारशी समाज हादरला. प्रकरण कोर्टात गेले, शेकडो मुले शाळेतून काढली गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचे धर्मांतर झाले. त्याच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री झटले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. इंग्रजी शाळा म्हणजे मुलगा हातचा जाण्याची वाट, असे हजारो आईबापांना मनापासून वाटत होते. मुलाच्या बाबतीत नोकरीच्या आशेने तो धोका पत्करलाही जाई. मुलीच्या बाबतीत तो कशासाठी पत्करायचा? शिकलेली बायको नवऱ्याचे अहित करते, ती विधवा होते, असल्या समजुती घरोघर होत्या. लग्न आठव्या-नवव्या वर्षी. शिकवायचे तरी किती दिवस? आणि शिकवणारा परका तरुण पुरुष!

म्हणूनच ओटीची अट समजण्यासारखी आहे. ओटी म्हणजे घराचा तो भाग जिथे परका येऊ शकतो आणि घरचे त्याच्यावर नजर ठेवू शकतात. माजघरातून आई-आजीला ऐकू जाईल, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल, अशा जागी ही शाळा भरणार. या तरुणांनी ती अट मानली, हे मला त्यांचे मोठे शहाणपण वाटते. त्यांनी आईबापांना अडाणी म्हणून झिडकारले नाही. तुम्हाला भीती वाटते ना, मग तुमच्या डोळ्यांदेखत शिकवतो, अशी त्यांची भूमिका होती.

२२ ऑक्टोबर १८४९ रोजी शहराच्या निरनिराळ्या भागांत हे वर्ग सुरू झाले तेव्हा पटावर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. एकूण ६८. लाखो वस्तीच्या शहरात हा आकडा तो किती! पण त्या प्रत्येक मुलीच्या मागे एक घर होते, आणि प्रत्येक घरामागे कुणीतरी घातलेले हेलपाटे होते.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईत मुलींची शाळा ही काही या सोसायटीची नवलाई नव्हती. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच मुंबईत मुलींची शाळा काढली होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात जे काम सुरू केले ते याहून खडतर होते. त्यांच्यामागे कॉलेज नव्हते, प्राध्यापक नव्हते, शेठ-सावकार नव्हते, आणि त्यांना स्वतःचे घर सोडावे लागले. मुंबईच्या या वर्गांचे दार मुख्यतः पांढरपेशा आणि व्यापारी घरांसाठी उघडले. सोसायटीचे वेगळेपण एवढेच, की धर्मप्रसाराचा हेतू न ठेवता, सरकारी हुकमाची वाट न पाहता, विद्यार्थ्यांनी मंडळ म्हणून एकत्र येऊन मुलींच्या शाळा चालवल्या. तेवढेही थोडे नव्हे.

स्वयंसेवक किती दिवस पुरणार, हा प्रश्न लवकरच आला. पहाटे उठून फुकट शिकवणे महिनाभर जमते. वर्षानुवर्षे ते चालवायचे तर पगारी शिक्षक हवेत, जागा हवी, पुस्तके हवीत. पारशी शाळांचा भार कामा घराण्याने उचलला. खरशेदजी नसरवानजी कामा यांनी पैशाची हमी घेतली. मराठी शाळांसाठी नाना शंकरशेट पुढे आले. नानांचे गिरगावातले घर तेव्हा शहराच्या प्रत्येक चांगल्या कामाचे ठिकाण होते, रेल्वेच्या चळवळीपासून कॉलेजाच्या वर्गणीपर्यंत. त्यांनी आपल्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली. सनातनी घरात वावरणाऱ्या, देवधर्म सांभाळणाऱ्या नानांनी जागा दिली म्हटल्यावर गिरगावातल्या पुष्कळ बापांचा विरोध ढिला पडला असेल. तरुणांनी वाद घालून जे झाले नसते ते एका वजनदार माणसाच्या कृतीने झाले.

सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातल्या मांद्र्याहून लहानपणी मुंबईत आलेला हा मुलगा. काठेवाडातल्या बालिकाहत्येवर त्याने लिहिलेल्या निबंधाला ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला आणि आपला भाऊ नारायण दाजी याच्याबरोबर त्याने गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना उघडला. निबंधापासून दवाखान्यापर्यंतचा हा प्रवास पाहिला की सोसायटीने आपला अध्यक्ष म्हणून भाऊंनाच का निवडले ते कळते. जन्मल्याबरोबर मारल्या जाणाऱ्या मुलींवर विशीत लिहिणारा माणूस पुढे जगलेल्या मुलींच्या शाळेसाठी झटला, आणि त्याच्या नावाने चाललेल्या मुलींच्या शाळेला मित्रांनी व चाहत्यांनी निधी गोळा करून दिला.

आता त्याच वर्षांतल्या दुसऱ्या एका मंडळाकडे वळतो, कारण तिथेही मध्यभागी तर्खडचे दादोबाच आहेत. १८४९ मध्येच मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर, तत्त्वज्ञान दादोबांचे. सभासदांत एल्फिन्स्टनचेच तरुण. जातिभेद मोडायचा हा तिचा उद्देश, आणि तो बोलून नव्हे तर करून. सभेत येणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे. एवढे केल्याशिवाय प्रवेश नाही. आज सकाळच्या चहाबरोबर पाव खाणाऱ्याला यात काय धाडस होते ते चटकन कळणार नाही. तेव्हा या एका घासाने माणूस जातीबाहेर जाई, त्याच्या बहिणीचे लग्न मोडे, बापाच्या तिरडीला खांदा द्यायला कुणी येत नसे.

म्हणून सभा गुप्त होती. बंद दाराआड जमायचे, दादोबांनी रचलेल्या प्रार्थना म्हणायच्या, एकत्र जेवायचे आणि घरी जाऊन जातीचा माणूस म्हणून वावरायचे. पुरेसे लोक जमले की एक दिवस उघड करू, असे त्यांनी ठरवले होते. तो दिवस आला नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावे फुटली, आणि एकेक जण घाबरून बाजूला झाला. सभा संपली.

दोन्ही मंडळांतली माणसे तीच, काळ तोच, शहर तेच. विचाराने पाहिले तर परमहंस सभा कितीतरी पुढची. मुलींना अक्षर शिकवण्यापेक्षा जातीबाहेरच्या माणसाचे अन्न खाणे हा समाजाच्या मुळावरचा घाव होता. तरी ती दहा-अकरा वर्षांत विरून गेली, आणि ओटीवरच्या शाळा टिकल्या. मला याचे कारण दिसते ते असे. ओटीवर सगळे उघड होते. शिव्या मिळायच्या त्या पहिल्याच दिवशी मिळून गेल्या. पुढे लपवण्यासारखे काही उरलेच नाही, त्यामुळे चोरीला जाण्यासारखी वहीही नव्हती. परमहंसांना दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही. बहिष्काराची कुऱ्हाड मानेवर असताना धाडस करणाऱ्यांना शंभर-दीडशे वर्षांनी, सुरक्षित जागी बसून भित्रे म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय दादोबा दोन्हीकडे होते. जे उघड करता येईल ते त्यांनी उघड केले, आणि जे करवत नव्हते त्यासाठी आड जागा शोधली.

दादोबा १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर होऊन नगरकडे गेले. दादाभाई १८५५ मध्ये कामा मंडळींच्याच पेढीचे भागीदार म्हणून लंडनला निघाले. त्याआधी, १८५४ मध्ये, गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांचे पूर्ण प्राध्यापक होण्याचा मान त्यांना मिळाला होता, आणि आयुष्यात मिळालेल्या सगळ्या बिरुदांत 'प्रोफेसर' हे बिरुद त्यांना शेवटपर्यंत सर्वांत प्रिय राहिले. पारशी मुलींच्या शाळा पुढे वेगळ्या मंडळाकडे गेल्या. मराठी शाळा सोसायटीकडेच राहिल्या. विद्यार्थी वयाने वाढले, सोसायटी प्रौढांची झाली. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८६ मध्ये समाजसुधारणा आधी की राजकीय सुधारणा आधी, या विषयावरचे आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले ते याच सोसायटीपुढे. गिरगावातली मुलींची शाळा चालवणारी संस्था म्हणून हे नाव आजही जिवंत आहे. विद्यार्थ्यांनी काढलेल्या किती मंडळांबद्दल असे म्हणता येईल?

परमहंस सभा बुडाली तरी तिच्यातली माणसे बुडाली नाहीत. ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला, तो उघड. पुढे रानडे आणि भांडारकर तिथे आले. त्याच्या दोनच आठवड्यांनी, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनापर्यंत पहिली लोकल धावली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आमच्या भागातल्या मुलामुलींनी कॉलेज पाहिले ते याच गाडीने, हे खरे आहे. रेल्वे येण्याआधी मुंबई गाठणे होडी, वारा आणि भरती-ओहोटी यांच्या मर्जीवर होते. आणि त्यानंतरही शंभर वर्षे वसई-विरारच्या मुलांनी चर्चगेटची वाट धरली. वसईत अण्णासाहेब वर्तक कॉलेज निघाले ते १९७१ मध्ये.

आत्मारामांनी मुलींना ओटीवरच्या शाळेपुरते शिकवले नाही. त्यांनी आपली मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे अॅना, हिला इंग्लंडला पाठवले. ती परत आल्यावर, १८७८ मध्ये, सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव करायला त्यांच्या घरी येऊन राहिला. शिकवणारी अॅना, शिकणारा रवींद्रनाथ ठाकूर. रवींद्रनाथांनी तिला नलिनी हे नाव दिले आणि म्हातारपणीही तिची आठवण काढली. ज्या चुलत्याच्या काळात मुलीला अक्षर शिकवण्यासाठी दारोदार विनवण्या कराव्या लागल्या, त्याची पुतणी तीस वर्षांच्या आत एका कवीची शिक्षिका झाली. अॅना १८९१ मध्ये एडिंबरोला वारली. तर्खडच्या नावाने एवढ्या लांब गेलेली ती बहुधा पहिलीच बाई.

विद्यार्थ्यांनी एकत्र यायचे आणि समाजाच्या उपयोगी पडायचे, हा प्रकार पुढे अनेक रूपांनी आला. १८८९ मध्ये मुंबईत स्टुडंट्स ब्रदरहुड निघाले. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली, तेव्हा ३७ विद्यापीठांतले ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. आज वसईतल्या कुठल्याही कॉलेजात जा, एन.एस.एस.चा बिल्ला लावलेली मुले-मुली भेटतील. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचे शिबिर. तासांची नोंद होते, गुण मिळतात, प्रमाणपत्र मिळते. यात वाईट काही नाही. गुणांच्या निमित्ताने आलेला मुलगा पाड्यावर जाऊन चार दिवस राहिला की कधी कधी तिथलाच होतो. पण ४४ आणि २४ मुलींना शिकवणाऱ्यांच्या नोंदवहीत तास लिहिणारे कुणी नव्हते, आणि एकाच्या निबंधातून उठलेल्या प्रश्नाला दुसऱ्यांनी आपणहून स्वतःच्या सकाळी देऊन टाकल्या. ही सूचना त्यांना वरून आली नव्हती. आजच्या मंडळांत निबंध आणि काम यांची ताटातूट झाली आहे. वादविवाद स्पर्धा एकीकडे, शिबिर दुसरीकडे. १८४९ मध्ये ती एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी भेटली होती.

भाऊ दाजींनी आणखी एक काम केले, आणि त्याचा धागा थेट नालासोपाऱ्यात येतो. जुने शिलालेख आणि नाणी यांचा त्यांना ध्यास होता. जुनागडचा एक गरीब तरुण, भगवानलाल इंद्रजी, त्यांनी १८६० च्या दशकात हाताशी घेतला. इंग्रजी शाळेचे शिक्षण नसलेल्या या तरुणाला भाऊंनी देशभर फिरवले, लेखांचे ठसे घेऊन आणायला लावले आणि स्वतःच्या खर्चाने त्याला विद्वान केले. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. आठ वर्षांनी, एप्रिल १८८२ मध्ये, भगवानलाल सोपाऱ्याला आले. गावाबाहेर बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखले जाणारे एक मोठे टेकाड होते. त्यांनी ते मधोमध खोदायला लावले. विटांच्या कोठीत एक गोल दगडी पेटी सापडली. आत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा करंडक, आणि त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे. ज्याला लोक बुरडाचा कोट म्हणत होते तो स्तूप निघाला. या पेटीतल्या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच भगवानलालना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये वसईतल्याच भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सोपाऱ्याच्या दगडावर मोजकेच शब्द उरले आहेत, पण हा लेख गिरनारला आणि इतरत्र पूर्ण मिळतो, त्यामुळे इथे काय कोरले होते ते आपल्याला माहीत आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या सफरींना निघत. अशोक सांगतो, की राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण ते सोडले आणि दुसऱ्या यात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत ब्राह्मण-श्रमणांना भेटायचे आणि दान द्यायचे, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करून त्यांची सोय लावायची, आणि गावोगावच्या लोकांत बसून त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचे.